नाकाची जागा

विमान तयार आहे. नाक नाही.
दीड मीटर पंख, बाल्साच्या फासळ्या,
वर पिवळी फिल्म, इस्त्रीनं ताणून बसवलेली.
(बायकोची इस्त्री. तिला अजून ठाऊक नाही.)
पुढं प्लायवूडची भिंत, तिला चार भोकं,
आणि भोकांपुढं नुसती हवा.

टेबलावर तीन उमेदवार.

पहिलं सांतानच्या भावानं कधीतरी कुवेतहून आणलेलं,
चाळीस नंबरचं टू-स्ट्रोक.
आत एरंडेल लाखेसारखं गोठलेलं.
दोन रात्री रॉकेलात भिजवलं, हेअर ड्रायरनं शेकलं,
तिसऱ्या दिवशी पंखा ढकलला
तर बाळानं ढेकर द्यावी तसं पुक् केलं.
म्हणजे दम आहे. आणि फुकटचं आहे.

दुसरं पुतण्यानं बेंगळुरूहून धाडलं.
विजेची मोटर, जायफळाएवढी.
तेल नको, धूर नको, सुई फिरवणं नको.
"काका, बटण दाबायचं नि उडवायचं."
दाबलं. पंखा दिसेनासा झाला.
आवाज? मला तरी काहीच नाही.
हात स्वच्छ राहिले,
परक्या घरी पाहुणा म्हणून जेवल्यासारखे.

तिसरं फोर-स्ट्रोक, नवंकोरं.
किंमत सांगत नाही. पेन्शन नसलेल्या माणसानं
असले आकडे मोठ्यानं उच्चारू नयेत.
वजन शंभर ग्रॅम जास्त, जोर उलट कमी.
कागदावर मांडलं तर हरतं.

मी कागदावर मांडलं. हरलं.

एकतीस वर्षं बार्जवर इंजिन-ड्रायव्हर होतो.
सावर्ड्याहून मुरगाव, भरून खाली, रिकामं वर.
जुवारीची ओहोटी मी पाण्याकडे बघून नाही,
तळपायांतून ओळखायचो,
इंजिन कसं कण्हतंय त्यावरून.
कानात कापूस. साधा, देवाच्या वातींचा.
मग खाणी थांबल्या, बार्ज काठाला लागली,
आणि डॉक्टरनं एक रेघ काढून दाखवली:
इथवर सपाट, मग एकदम कडा.
"वरचे सूर गेले."
"आणि खालचे?"
"खालचे आहेत."

त्यामुळं अंगणात झालं ते असं.
टू-स्ट्रोकची सुई आवळत गेलं
की आवाजाला टोक येतं,
कुठं थांबायचं ते सगळं त्या टोकात असतं.
सांतान हात हलवत ओरडत होता,
"पुरो रे, पुरो! लासतलें तें!"
मला ते मजेत गुणगुणताना ऐकू येत होतं.
आणखी पाव वळसा, आणि पिस्टन गेला असता.

रात्री जेवताना सांतान म्हणाला,
मी तुझ्या बाजूला उभा राहीन, खांद्यावर टपली मारीन.
चांगला माणूस आहे. पण त्याला रविवारी मिस असते,
आणि वारा रविवारीच पडतो.

फोर-स्ट्रोक बसवलं. चार भोकं थोडी रुंद केली.
पंखाखाली दोन बोटं धरून तोललं:
समतोलासाठी नाकात शिसं भरणार होतो,
आता शिसं नको. शंभर ग्रॅम तिथंच लागत होते.
कागदाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शिरोड्याच्या सड्यावर, सकाळी सात.
जांभा अजून गार. शेपटी दोन्ही पिंढऱ्यांत धरून
वाकलो, पंख्याला टिचकी दिली.
एकदा. दोनदा. मग
ठब् ठब् ठब् ठब्
लहानपणीची बार्ज जणू, वळणापलीकडून येणारी.
आधी पिंढऱ्यांत आलं, मग पोटात,
कानात सगळ्यात शेवटी.

टिटवी उडाली. तिची चोच उघडमीट होताना दिसली,
बाकी काही नाही.
मी सुई एक खाच आत घेतली. आणखी एक.
तिसरीला थांबलो.